रावेरकडे केळी वेफर्सचा छोटा उद्योग आहे. ब्रँड टिकवायचा तर पैसा जाहिरातीत घालू की मॉलमधल्या जागेत? मुळात खान्देशातून ब्रँड होतो का?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो. आपल्याच मुलखातला माणूस असं विचारतो तेव्हा राहवत नाही. अमळनेरला 1945 मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी निघाली. सनफ्लॉवर वनस्पती आणि 787 नावाचा धुण्याचा साबण हा तिचा माल. आजची विप्रो ती हीच, संगणक फार पुढे आले. 1966 मध्ये कंपनी काढणारे महंमद हाशम प्रेमजी वारले तेव्हा त्यांचा मुलगा अझीम प्रेमजी 21 वर्षांचे होते. स्टॅनफर्डचं शिक्षण मध्येच सोडून यावं लागलं आणि पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने उभं राहून त्यांना सुनावलं की शेअर विका आणि कंपनी जाणत्या माणसाच्या हाती द्या. हे प्रेमजींनी स्वतः सांगितलेलं आहे. ज्या अमळनेरकरांनी आपल्याकडचे शेअर विकले नाहीत, त्यांच्या पुढच्या पिढ्या कशा श्रीमंत झाल्या हे जळगाव जिल्ह्यात कुणालाही विचारा. तेव्हा खान्देशातून होतं का, हा प्रश्न पुन्हा विचारू नका.

आता जाहिरात की मॉल. माझ्या मते तुम्हाला आत्ता दोन्ही नको.

आमचा धुळ्यात मसाल्याचा धंदा आहे. तिखट, हळद, धणेपूड आणि खान्देशी काळा मसाला. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी सुरू केला. कारखाना आणि पैसा दादाकडे, मार्केट माझ्याकडे. मिरची नंदुरबार-दोंडाईचाच्या पथारीवरून, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानावरून येते, रंगासाठी थोडी बेडगी बाहेरून. फूड लायसन्स, बारकोड हे तुमचं झालेलंच असणार, त्यात जात नाही.

दादाचं आणि माझं भांडण तुमच्या प्रश्नावरच होतं. त्याच्या तोंडी कायम निरमा. टीव्हीवर गाणं लागलं आणि घराघरांत पावडर गेली, आपणही तसंच करू, असं त्याचं म्हणणं. मी त्याला सांगायचो की करसनभाई पटेलांनी 1969 मध्ये सुरुवात केली ती सायकलवर पिशव्या बांधून, अहमदाबादेत दारोदार. बड्या कंपनीच्या पावडरीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी दरात. गाणं नंतरचं. धंद्यातली जुनी माणसं अजून एक गोष्ट सांगतात: 1980च्या दशकाच्या सुरुवातीला दुकानदारांकडे उधारी थकली, तेव्हा निरमाने बाजारातला माल काढून घेतला, जाहिरात मात्र जोरात लावली, गिऱ्हाईक दुकानातून रिकाम्या हाताने परत जाऊ लागलं आणि मग एकदम माल सोडला. दादाला यातली जाहिरात दिसायची. मला दिसायची ती गोदामात तयार असलेली भरपूर पावडर आणि ती एका दिवशी सगळीकडे पोचवणारी माणसं. आमच्याकडे तेव्हा एक टेम्पो होता.

दादाने मग मुंबई-पुण्यातल्या एका सुपरमार्केट साखळीत माल लावला. नाव घेत नाही. प्रत्येक आयटम यादीत घ्यायचे वेगळे पैसे. डोळ्यांच्या उंचीची फळी हवी तर त्याचे वेगळे. दिवाळीत ‘एकावर एक’ ठेवणार ते, भार आमच्यावर. पैसे महिनोन्‌महिने लटकलेले. 2006च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे छोट्या उत्पादकाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, पण कायद्याकडे बोट दाखवलं की पुढची ऑर्डर येत नाही, हे ज्याने माल घातलाय त्याला माहीत आहे. शेवटी तारीख जवळ आलेल्या, दबलेल्या पुड्यांची खोकी परत आली आणि त्यांचं ट्रान्सपोर्टही आमच्या नावावर पडलं.

माल वाईट नव्हता. तिथे येणाऱ्या बाईने आमचं नावच ऐकलेलं नव्हतं. तिच्यासमोर पंधरा तिखटं, त्यातली चार तिच्या आईच्या घरापासून ओळखीची. ती आमची पुडी का उचलेल? मॉलची फळी ओळखीच्या मालाला खपवते. ओळख करून देणं तिचं काम नाही.

त्याच सुमारास मी सुरत धरली. ही कल्पना कानबाईच्या सणातून आली. श्रावणात कानबाई या आपल्या देवीच्या सणाला सुरतेत स्थायिक झालेली आपली माणसं, म्हणजे जणू अर्धी सुरत, खान्देशात येते हे तुम्ही जाणताच. रोट खाऊन परत निघताना बायका आमच्या दुकानातून किलो-किलो काळा मसाला बांधून न्यायच्या. मी एकीला विचारलं, हा संपल्यावर वर्षभर काय करता? म्हणाली, संपला की तिथलं काहीतरी आणतो, पण भाजीला चव येत नाही, घरचे नाक मुरडतात. वर्षभराचं गिऱ्हाईक तयार उभं होतं आणि आम्ही त्याला वर्षातून एकदा माल देत होतो.

ताप्ती लाईनच्या पॅसेंजरमध्ये पोती टाकून उधन्याला उतरायचो. उधना, लिंबायत, पांडेसरा. गल्लीगल्लीत शहादा, शिरपूर, पारोळ्याकडची माणसं, दुकानदारही बरेचसे आपलेच. दहा रुपयांच्या पुड्यांची लडी द्यायचो. पुडीमागे दोन रुपये दुकानदाराला सुटायचे. पहिला माल उधार, दुसऱ्या खेपेपासून आधीचे पैसे चुकते झाले तरच नवी लडी. हा नियम मी नात्यातल्या दुकानदारासाठीही मोडला नाही.

तिथे दुकानातल्या जागेबद्दल जे कळलं ते मला कुठल्याही कोर्सवाल्याने सांगितलं नव्हतं. मॉलमध्ये माल गिऱ्हाईक उचलतं, किराण्यात ते मागतं आणि दुकानदार काढून देतो. म्हणजे किराण्यात जागा पाहायची ती दुकानदाराच्या हाताची. बाई “तिखट द्या” एवढंच म्हणते, नाव घेत नाही. अशा वेळी तो जागेवरून न उठता जिथवर हात पोचतो तिथलं देतो. गल्ल्याच्या वर, काट्याच्या बाजूला खिळा ठोकायला मी स्वतः हातोडी घेऊन जायचो. दुकानाच्या दर्शनी भागात लडी टांगली तर दिसायला छान, पण आपल्याकडच्या उन्हात तिखटाचा रंग पंधरवड्यात उतरतो. भुसावळ-जळगावचा वैशाख तुम्हाला सांगायला नको. पारदर्शक पुडी मी त्यामुळेच बंद करायला लावली. दुकानदार कुरकुरले, गिऱ्हाइकाला लाल रंग दिसायला हवा म्हणाले. मागच्या बाजूला नखाएवढी खिडकी ठेवली आणि बाकी सगळी चंदेरी पुडी. दादाने यालाही खर्च म्हटलं.

दुसरी गोष्ट पाळी. प्रत्येक लाईनचा, म्हणजे गाडी फिरते त्या रस्त्यावरच्या दुकानांचा, वार ठरलेला, गावातल्या आठवडे बाजाराच्या आदल्या दिवशी गाडी पोचलीच पाहिजे. लिंबायतचा एक दुकानदार मला नेहमी म्हणायचा, “भाऊ, तुन्हा माल नही से, ते गिऱ्हाईक दुसरं लई जास.” म्हणजे तुझा माल नसला की गिऱ्हाईक दुसऱ्याचा घेऊन जातं. जाहिरातीचा पैसा त्या रिकाम्या खिळ्यावर वाया जातो. दादाने एका दिवाळीत धुळ्याच्या केबलवर महिनाभर जाहिरात चालवली तेव्हा शिंदखेडा-साक्री लाईनवर काळा मसाला शिल्लक नव्हता. लोकांनी आमच्या जाहिरातीने आठवण होऊन दुसऱ्याचा मसाला नेला. हे मी त्याला तेव्हाही सांगितलं होतं, आज इथे लिहूनही सांगतो.

तुम्ही प्रश्नात नेतृत्वाबद्दल विचारलेलं नाही, पण ब्रँड टिकतो की बसतो ते तिथेच ठरतं. एका वर्षी अवकाळी पावसाने पथारीवरची मिरची भिजली. काळी पडली, भाव भडकले. दादा म्हणाला, बी जास्त घालू, हलकी मिरची मिसळू, मोसम निघून जाईल, कुणाला कळतं. अण्णा फार बोलत नसत. ते म्हणाले, “शेवभाजीची तर्री फिकी पडली तर घरची बाई आपल्याला विचारायला येत नाही, ती फक्त पुढच्या वेळी आपलं नाव घेत नाही.” दहाची पुडी दहालाच ठेवली, ग्रॅम कमी केले, नवं वजन ठळक छापलं आणि प्रत्येक दुकानदाराला मी स्वतः जाऊन कारण सांगितलं. पार्ले-जीने कितीतरी वर्षं हेच केलं, छोट्या पुड्याची किंमत धरून ठेवली आणि वजन उतरवलं. वजन कमी झालं तर गिऱ्हाईक कुरकुर करतं आणि घेतं. चव बदलली तर जातं. त्या वर्षी ज्यांनी रंग आणि भुसा मिसळला त्यातल्या काही पुड्या आता दुकानात दिसत नाहीत.

संतूर साबणाकडे बघा. अमळनेरच्याच कंपनीचा, 1980च्या दशकाच्या मध्यावर आला. हळद आणि चंदन. आणि जाहिरात एकच: कॉलेजातली मुलगी वाटणारी बाई, मग तिचं मूल धावत येतं. जाहिरातीतल्या बायका बदलल्या, गोष्ट बदलली नाही. आपले लोक दर दिवाळीला लोगो बदलतात, पुडीचा रंग बदलतात, भाचा कॉम्प्युटर शिकून आला म्हणून नवं बोधवाक्य करतात. वाचता न येणारी म्हातारी पुडी रंगावरून ओळखते. तो रंग तुम्ही बदललात की तिच्यासाठी तुम्ही नवीन कंपनी झालात. आमची पुडी अण्णांच्या वेळेपासून तांबडी-पिवळी आहे आणि मी आहे तोवर राहील.

दादा अजूनही लग्नकार्यात चारचौघांत म्हणतो की मी धंदा सुरतेच्या गल्लीबोळांत अडकवून ठेवला, नाहीतर आज मुंबईत नाव असतं. त्याला माझं उत्तर हे. 2007 मध्ये नॉर्वेच्या ऑर्क्ला कंपनीने मसाले आणि तयार खाद्यपदार्थ करणारं बंगळुरूचं एमटीआर विकत घेतलं. विप्रोने 2022च्या डिसेंबरात केरळचं निरापरा घेतलं, 2023 मध्ये ब्राह्मिन्स. दोन्ही केरळच्या स्वयंपाकघरातली नावं. विप्रोकडे जाहिरातीला पैसा नव्हता का? स्वतःचा मसाला काढून टीव्हीवर दाखवता आला असता. पण एका प्रांतातल्या बायकांचा वर्षानुवर्षांचा विश्वास जाहिरातीने लवकर मिळत नाही म्हणून तो विकत घेतला. ज्याला दादा अडकून पडणं म्हणतो, त्यासाठी मोठ्या कंपन्या पैसे मोजतात. सुरतेत आज आम्ही न विचारता दुकानदारच मालासाठी फोन करतो. नाशिकच्या सिडकोत आणि कल्याणलाही तसेच गेलो, जिथे आपली माणसं गेली तिथे त्यांच्या मागे.

जाहिरात अगदी फुकट असते असं नाही. माल सगळ्या लाईनवर पोचला आणि पाळी बसली की करा. दुकानदाराच्या शटरवर त्याचं नाव मोठं, आपलं लहान, असं रंगवून द्या, तो ते वर्षानुवर्षं पुसत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत स्टॉल लावा. रीलवाल्यांना पैसे देण्याआधी तो रील बघणारा माणूस दुसऱ्या दिवशी कुठल्या दुकानातून घेणार, ते दुकान नावानिशी सांगता आलं पाहिजे. मॉलमध्येही जा, पण गिऱ्हाईक तिथे तुमचं नाव घेऊन विचारू लागल्यावर. तेव्हा फळीचे पैसे कमी द्यावे लागतात, हे आम्ही नंतर नाशिकला अनुभवलं. आणि हेही खरं की आमची जागा स्वतःची होती, भाडं नव्हतं, म्हणून अण्णांना त्या पडत्या वर्षात ठाम राहता आलं. कर्जावर कारखाना असेल तर ते अवघड जातं.

तुमच्या वेफर्सचं गणित काही बाबतीत वेगळं आहे. मसाला पोत्यात दाबून नेता येतो, वेफर्स म्हणजे गाडीत निम्मी हवा, लांब गेलात तर भाडंच खाईल. तेल खवट होतं, म्हणून उन्हातली लडी तुम्हाला आमच्यापेक्षाही जास्त मारेल. नायट्रोजन भरून चंदेरी पाकीट करा. सावदा-फैजपूर रस्त्यावर समोर तळलेले गरम वेफर्स मिळतात, त्यांच्याशी तिथे भिडू नका. भुसावळ स्टेशन, बसस्टँडची दुकानं, बऱ्हाणपूरपर्यंतची लाईन आधी पक्की करा. आणि नावाच्या ट्रेडमार्कचा अर्ज आजच टाका. केळी वेफर्स 29व्या वर्गात येतात, मसाल्याचा 30वा, त्यात गल्लत करू नका. छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला 4,500 रुपये आहे.