जिप्सी विकू की ठेवू?

प्रश्न : माझ्याकडे २००८ची पेट्रोल मारुती जिप्सी आहे. पुढे तिला संग्राहकांकडून मागणी येईल का? – एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : येईल, पण मूळ रूपात असेल तरच. जिप्सीचं उत्पादन थांबलंय, आणि बऱ्याच गाड्या ऑफ-रोडिंगसाठी कापल्या-जोडल्या गेल्या. म्हणून मोठे टायर, एलईडी पट्ट्या वगैरे हौस आवरा (काढलेले मूळ भाग मात्र फेकू नका). इंजिन व चासी (गाडीचा सांगाडा) नंबर आरसीशी जुळतात का, ते आधी पाहा.

खरा शत्रू गंज. नाशिकच्या पावसाळ्यानंतर गाडी लिफ्टवर घेऊन चासीचे जोड, पायाखालचा पत्रा आणि मागचं दार ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर नुसता अंडरकोट (गाडीच्या तळाला द्यायचा संरक्षक थर) मारू नका, गंज आतच वाढतो. आधी घासून प्रायमर. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबरी फ्युएल पाइप कडक होऊन चिरतात, ते बदलाच. महिन्यातून एकदा १५-२० किलोमीटर चालवा, मातीच्या रस्त्यावर फोर-व्हील ड्राइव्हही (चारही चाकांना ताकद) लावा.

१५ वर्षं उलटली आहेत, तेव्हा आरटीओत पुनर्नोंदणी झाली नसेल तर आधी ती. ‘व्हिंटेज’ नोंदणी ५० वर्षांनंतरच, म्हणजे २०५८नंतर!