वाचकांचे प्रश्न: कोंबडी कोणाची?

गेल्या अंकात मी केनियाच्या किनाऱ्यावर घालवलेल्या तीन आठवड्यांबद्दल लिहिलं होतं. आमच्या नाशिकच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, पाच माणसं ऑगस्टमध्ये मोंबासाजवळच्या खेड्यांतल्या पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) मदतीला गेली होती, त्यात मी एक. मी निवृत्त गणिताची बाई आणि पाळकाची विधवा. त्या लेखावर चौदा पत्रं आली. दोघांनी नुसते फोटो मागितलेत, ते पाठवीन. एकांनी माझं शुद्धलेखन तपासून पाठवलंय, त्यांचे आभार. उरलेल्यांतले पाच प्रश्न इथे घेते.

"मदत केली" म्हणता, पण नेमकं केलंत काय? — एक वाचक, श्रीरामपूर

ठरवलं होतं ते असं: बावीस पाळकांसाठी तीन दिवसांचा वर्ग. दोघांनी उपदेशाबद्दल शिकवायचं, दोघांनी शब्बाथ शाळेबद्दल, म्हणजे मंडळीतल्या बायबलच्या वर्गांबद्दल, आणि मी मंडळीचे हिशेब. प्रत्येकासाठी चाळीस पानांची फाइल नाशिकलाच छापून नेली होती. विमानात सामानाचे जादा पैसे भरले ते त्या फायलींपायीच.

पहिल्या दिवशी बावीसपैकी नऊ जण आले. बाकीचे मयतीला गेले होते. तिकडे मयत म्हणजे दुपारच्या दोन तासांचं काम नव्हे. गावी स्वतःच्या जमिनीत पुरायचं, आदल्या रात्री जागरण, आलेल्या शेपन्नास माणसांचं जेवण, खर्चासाठी वर्गणी, आणि या सगळ्याच्या मधोमध पाळक. एकेकाकडे चार-चार, सहा-सहा मंडळ्या. मग आम्हीही उठलो आणि मयतीला गेलो. फायली तशाच खोक्यात राहिल्या.

वर्ग झाला तो दुसऱ्या दिवशी, काजूच्या झाडाखाली. मी फळ्यावर जमा आणि खर्च असे दोन रकाने आखले. एक म्हातारे पाळक शांतपणे उठले आणि आपला फोन माझ्या हातात देऊन बसले. त्यात एम-पेसाचे संदेश होते. आपल्याकडे फोनवरून पैसे द्यायची सवय नोटबंदीनंतर लागली, त्यांच्याकडे ती २००७पासून आहे. अर्पण, वर्गणी, मयतीची मदत, सगळं तारीख-वेळेसकट तिथे नोंदलेलं. मी फळा पुसला. एकच विचारलं: घरखर्चाचे पैसेही याच नंबरावर येतात का? सगळे हसले. हो, येतात. मग त्यांच्यातल्याच एका तरुण पाळकानं मंडळीसाठी वेगळा नंबर कसा काढायचा आणि मंडळीच्या दोन वडिलांच्या (वडीलधाऱ्या कारभाऱ्यांच्या) देखत पैसे कसे काढायचे, हे अर्धा तास स्वाहिलीत समजावलं. हिशेबाचा वर्ग तिथेच संपला. माझी कामगिरी म्हणाल तर तो एक प्रश्न.

या बावीसांत नुसत्या पाळकीवर पोट भरणारा एकही नव्हता. एक बोडा-बोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल चालवतो. एक नारळाच्या झावळ्या विणून छपरं शाकारतो. त्याला तिकडे मकुटी म्हणतात. आमच्या रत्नागिरीकडे झापं विणायचे, तेच काम. तीन दिवसांच्या आमच्या वर्गात या माणसांचा तीन दिवसांचा रोज बुडाला, आणि नाशिकला बसून आखणी करताना हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पाहुण्यांचं सगळं लिहिलंत. ज्या घरी उतरलात तिथल्या बाईचं काय? — एक पाळकीणबाई, जालना

बाई, तुमचं पत्र वाचून मी पाच मिनिटं चष्मा काढून बसले. हे लेखात यायला हवं होतं. आलं नाही, कारण लाज वाटत होती.

मोंबासाहून नैरोबीच्या रस्त्यानं मझेरासपर्यंत यायचं, तिथून रबईवरून कालोलेनीकडे वळायचं. त्या वाटेवरच्या एका खेड्यात एका पाळकांच्या घरी आम्ही पाच जण उतरलो. घर दोन खोल्यांचं. एक खोली आम्हाला दिली, दुसरीत ती सहा माणसं. पहिल्या रात्री उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि नारळाच्या रसातली कोंबडी. दुसऱ्या रात्री पुन्हा कोंबडी. आमच्यातले एक गृहस्थ बोटं चाटत म्हणाले, "ह्यांची परिस्थिती आपल्याला वाटते तितकी वाईट नाही हो."

तिसऱ्या दिवशी पहाटे मी मागच्या दारी गेले. आल्या दिवशी अंगणात सात कोंबड्या होत्या. गणिताच्या बाईला मोजायची खोड असते. आता चार उरल्या होत्या, आणि त्यांतल्या एका तांबडीच्या पायाला चिंधी बांधलेली होती. मी बोटांनी सात दाखवले, मग चार दाखवले. पाळकीणबाई नुसत्या हसल्या. त्यांच्या थोरल्या मुलीला इंग्रजी येतं. ती आईकडे बघत बघत म्हणाली, "ह्या माझ्या फीसाठी आहेत." ऑगस्टअखेर तिथे शाळेचं तिसरं सत्र सुरू होतं. गावठी कोंबडीचे सहाशे-सातशे शिलिंग येतात. चिंधीवाली त्या रात्रीसाठी होती.

आमच्या जेवणाखाण्याचे पैसे आम्ही आधीच भरले होते, पावतीसकट. ते मधल्या माणसांकडे होते आणि "कार्यक्रम संपल्यावर" घरी पोचायचे होते. चूल मात्र रोज पेटायची होती.

मला एकदम १९८७ साल आठवलं. आमच्या बंगल्यावर (बंगला म्हणजे पाळकाला मिळालेलं गळकं कौलारू घर) परदेशी पाहुणे आठवडाभर उतरले होते. अंडी शेजारून, साखर वाण्याकडून उधारीवर, आणि बोर्डिंगात असलेल्या धाकट्याला द्यायचे होते ते पैसे बेकरीत. पाहुणे जाताना अंगणात फोटो काढला. त्या फोटोत मी छान हसतेय. चाळीस वर्षं होत आली, पण तो फोटो मी भिंतीवर लावला नाही. आणि आता मीच दुसऱ्या बाईच्या अंगणात तिच्या कोंबड्या मोजत उभी.

पैसे मी थेट त्यांच्या हातात ठेवले आणि चिंधी सोडायला सांगितली. पाळकांना ते आवडलं नाही. पाहुण्यानं चुलीत डोकं घालणं आपल्याकडे तरी कुठे आवडतं? ते दोनदा काहीतरी बोलले, दोन्ही वेळा तोंड दुसरीकडे करून. तेव्हा पाळकीणबाईंनी एक म्हण म्हटली आणि मुलीनं ती माझ्या वहीत लिहून दिली: "म्गेनी सिकु म्बिली, सिकु या टाटु म्पे जेम्बे." पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या.

कुदळ दिली नाही. घरातून एक बुटका लाकडी पाट आणला, पुढे लोखंडी दातेरी जीभ आलेला. खवणी! माझ्या आजीकडे अशीच होती, नुसती पाटाची घडण वेगळी. तिकडे तिला म्बुझी म्हणतात, म्हणजे शेळी. मी वहाणा काढल्या, पाटावर बसले आणि दोन नारळ खवले. माझा हात बघून त्या बाईंनी मुलीला काहीतरी सांगितलं. मुलगी म्हणाली, "आई विचारते, तुमच्याकडेसुद्धा शेळी आहे?" त्या दिवसापासून उगालीबरोबर सुकुमा विकी, म्हणजे हिरवी पालेभाजी, कधी घेवड्याची उसळ. 'सुकुमा विकी'चा अर्थ 'आठवडा ढकला'. आमच्या गृहस्थांचं तोंड जरा उतरलं. उतरू दे.

ती मुलगी मला 'मामा', म्हणजे आई, म्हणायची. आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ असं सांगितल्यावर दोघी मायलेकी पोट धरून हसल्या. पाळकाच्या बायकोला तिकडे 'मामा म्चुंगाजी' म्हणतात. म्चुंगाजी म्हणजे गुरं-मेंढरं राखणारा. म्हणजे आपला 'पाळक' तंतोतंत.

स्पष्ट विचारतो, राग मानू नका. गरिबांना ख्रिस्ती करायलाच गेला होतात ना? — एक वाचक, सातारा

राग कसला? पण तिथे ख्रिस्ती करायला शिल्लक फारसं कोणी नाही. केनियातली बहुसंख्य जनता ख्रिस्तीच आहे. किनाऱ्यावर मुसलमान वस्ती मोठी, आणि आम्ही उतरलो त्या घराच्या शेजारीही तीच. रबईला मिशन सुरू झालं १८४६ साली, म्हणजे तिथली काही घराणी माझ्या घराण्यापेक्षा जुनी ख्रिस्ती आहेत.

आणि सातारकर, एक गोष्ट तुम्हाला नाशिकमधूनच सांगते. आमचा शरणपूर रोड तुम्हाला माहीत असेल. त्या शरणपुरात, एकोणिसाव्या शतकात, अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं आणून ठेवत. इंग्रजांचं आरमार त्यांना मुंबईला उतरवी, मिशनवाले नाशिकला आणत. मुलं तिथे लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांतले काही १८६४ साली रबईला मिशनच्या कामासाठी गेले. पुढे शरणपूर चालवलेल्या विल्यम प्राइस यांनीच १८७५च्या सुमारास मोंबासासमोर मुक्त गुलामांची वसाहत उभी केली. तिचं नाव फ्रेअरटाउन, आपल्या मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून. तिथली घंटा अजून आहे. गुलाम धरणारे आले की ती वाजवत. त्या चौकाला अजून केंगेलेनी म्हणतात, म्हणजे 'घंटेपाशी'.

त्या नाशिकच्या मुलांतला एक विल्यम जोन्स. तो रबईला पाळक झाला आणि मालकांकडून पळून आलेल्या गुलामांना त्यानं आसरा दिला. मालक खवळले, प्रकरण हातघाईवर येण्याची वेळ आली. शेवटी मालकांना भरपाई मोजली आणि १ जानेवारी १८८९ रोजी रबईला त्या लोकांना मुक्तीचे कागद वाटले. मी नाशिकमध्ये जन्मभर राहिले. शरणपूर रोडवरून शाळेत जाऊन-येऊन चपला झिजवल्या. हे मला रबईच्या जुन्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उभं राहून कळलं. आम्ही नाशिकहून आलो म्हटल्यावर तिथल्या एका वडिलांनी 'नासिक' असा उच्चार करून मान डोलावली, जणू पलीकडचं गावच.

तिकडच्या पाळकांबद्दल फार भयंकर बातम्या वाचल्या. तुम्हाला भीती नाही वाटली? — एक वाचक, ठाणे

तुम्ही शाकाहोलाबद्दल म्हणताय. आम्ही उतरलो त्याच किलिफी परगण्यातलं ते जंगल. उपाशी मेलात तर ख्रिस्ताला भेटाल, ही शिकवण तिथल्या पंथात दिली गेल्याचा आरोप आहे. २०२३च्या एप्रिलपासून तिथे ४००हून जास्त मृतदेह उकरून काढले. त्यात लेकरं होती.

भीती मला नाही, तिथल्या पाळकांना वाटते. त्यानंतर लहान मंडळीच्या प्रत्येक पाळकाकडे लोक वेगळ्या नजरेनं बघतात. तुमचं शिक्षण काय, नोंदणी कुठे, पैसे कोण देतं, अशी विचारणा होते. ते रास्तच आहे. बोडा-बोडावाले पाळक मला म्हणाले, की आता कुणाला उपास करा असं सांगायच्या आधी मी तीनदा विचार करतो. म्हणूनच आमच्या फायलींपेक्षा वर्षभराचा, पत्रानं करता येणारा, स्वाहिलीतला बायबलचा अभ्यासक्रम त्यांना हवा होता. तो तिथेच मिळतो. सहा जणांची फी आम्ही भरून आलो.

आमच्या तरुण संघाचे बारा जण पुढच्या वर्षी जाणार आहोत. काय न्यावं? — सचिव, एक तरुण संघ, अहिल्यानगर

बारा? तिघं जा. माणशी आम्हाला नव्वद हजारांच्या आसपास पडले. पाच जणांचे साडेचार लाख. तेवढ्यात त्या अभ्यासक्रमाला किती जण बसले असते, हा हिशेब मी परतीच्या विमानात मांडला आणि अर्ध्यावर सोडला, कारण शेजारी आमचेच लोक बसले होते. तरी जाऊ नका असं म्हणत नाही. शरणपूर मला घरी बसून कळलं नसतं, आणि कोंबड्याही नसत्या कळल्या. पण ज्या घरी उतराल तिथल्या बाईच्या हातात पहिल्या दिवशीच पैसे ठेवा. कमिटीच्या नाही, बाईच्या.

पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टात ठेवा. नाहीतर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवून ठेवतील. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून.

जुने कपडे नेऊ नका. जगभरचे जुने कपडे तिथे गठ्ठ्यांनी येतात, मिटुंबा म्हणतात, बाजार भरलेला असतो. छापील फायली तर मुळीच नकोत.

न्या ते वाचायचे चष्मे. आम्ही मेन रोडवरून शंभर-शंभर रुपयांचे तीस घेतले होते, सहज म्हणून, कोणाच्या यादीत नव्हते. तासाभरात बहुतेक संपले. ते फोनवाले म्हातारे पाळक अडीच नंबर लावून कितीतरी वेळ बायबल नुसतं जवळ-लांब करत बसले होते. दोन आणि अडीचचे जास्त घ्या. एक नंबरचे चार मला परत आणावे लागले, हवे असतील तर घेऊन जा.