रविवारी न खेळणाऱ्याचा आठवडा

त्याची तक्रार एका वाक्याची होती : "मी तयार आहे, पण मला उतरवतच नाहीत."

वय २६, एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधला चौथा हंगाम, दुसरा संघ आणि दुसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकची, म्हणजे चाल सांगून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूची, जागा. (ओळख पटू नये म्हणून संघाचं नाव टाळलं आहे, काही तपशील बदलले आहेत.) रविवारी सामना संपला की न दमलेलं शरीर आणि पेटलेलं डोकं घेऊन घरी यायचं, पहाटे तीनपर्यंत छताकडे बघत पडायचं, सोमवारी बायकोवर खेकसायचं. मंगळवारी खेळाडूंना सुट्टी असते, म्हणून सल्ल्यासाठीच्या आमच्या भेटी मंगळवारच्या ठरल्या.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला या जागेची कोंडी चटकन कळत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये इतर जागांवरचे खेळाडू सारखे आतबाहेर होत असतात, राखीव खेळाडूलाही सामन्यात चार-दोन चाली मिळून जातात. क्वार्टरबॅक मात्र एकच, आणि दुखापत झाली नाही किंवा सामना पार हातचा गेला नाही तर तो जागचा हलत नाही. आपल्याकडचा राखीव यष्टिरक्षक त्यातल्या त्यात जवळचा. पण तोही बारावा गडी म्हणून पाणी घेऊन तरी मैदानात जातो! १७ सामन्यांचा हंगाम एकदाही चेंडू न फेकता काढणारे क्वार्टरबॅक असतात.

सरावातही तीच गत. साधारणपणे बुधवारी पहिल्या-दुसऱ्या डाउनच्या (दहा यार्ड पुढे सरकायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला एकेक म्हणजे डाउन) चाली, गुरुवारी तिसऱ्या डाउनच्या, शुक्रवारी गोलरेषेआधीच्या शेवटच्या २० यार्डांतल्या, आणि त्या जवळपास सगळ्या मुख्य क्वार्टरबॅकच्या वाट्याला. दुसऱ्याने स्काउट टीम चालवायची, म्हणजे येत्या रविवारच्या प्रतिस्पर्ध्याचं सोंग घेऊन आपल्याच बचावफळीला सराव द्यायचा.

पहिल्या भेटीत त्याला सल्ला दिला नाही, वहीत तीन रकाने आखायला सांगितले. स्वतः मुख्य संघासोबत खेळलेल्या चाली, स्काउट टीमच्या चाली, आणि तिसरा 'मनातल्या' चालींचा : मुख्य क्वार्टरबॅक खेळत असताना त्याच्यामागे दहा-बारा यार्डांवर उभं राहून स्वतः खेळल्यासारखी पाहिलेली प्रत्येक चाल. तिसऱ्या रकान्याला अट एकच. चेंडू फेकला जाण्याआधी चार उत्तरं तयार हवीत : बचावाच्या दुसऱ्या रांगेतला मधला लाइनबॅकर कोण, सेफ्टी (बचावातले सगळ्यात मागचे खेळाडू) दोन मागे आहेत की एक, क्वार्टरबॅकला जपणारी आपली पुढची फळी कुठल्या बाजूला सरकणार आणि चेंडू कोणाकडे जाणार. एक जरी उत्तर हुकलं तरी ती चाल मोजायची नाही.

आठवड्याने वही आली. पहिल्या रकान्यात शून्य, ते अपेक्षितच होतं. धक्का तिसऱ्याने दिला. बुधवारच्या तीसेक चालींपैकी चारही उत्तरं जेमतेम नऊ वेळा जमली होती. बाकीच्या वेळी तो काय बघत होता, हे विचारल्यावर बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "त्याचा हात."

म्हणजे मुख्य क्वार्टरबॅकचा हात. चेंडू उशिरा सुटला, गिरकी नीट बसली नाही, दोन फूट मागे पडला, याची बारीक नोंद डोक्यात चालली होती आणि सेफ्टी कधी खाली सरकला ते दिसतच नव्हतं. दुसऱ्याच्या चुका मोजणाऱ्याला आपण सतत अभ्यास करतोय असं वाटतं, म्हणून हे लक्षात यायला वेळ लागतो. 'मी तयार आहे' या वाक्याला पहिली चीर इथे पडली. बाकावर बसलेल्यांच्या तक्रारीत हे नेहमी आढळतं : निवड होत नाही हा एक प्रश्न, तयारी आहे का हा वेगळा, आणि पहिल्याच्या रागात दुसरा कोणी तपासतच नाही.

उपाय शरीराचा होता, विचारांचा नाही. नजर आधी सेफ्टींवर, मग लाइनबॅकरवर, आणि स्नॅप झाला, म्हणजे सेंटरने चेंडू मागे देऊन चाल सुरू केली, की स्वतःची पावलं टाकायची : तीन किंवा पाच, चाल मागेल तितकी. पावलं चालू असली की दुसऱ्याच्या हाताकडे बघायला सवड मिळत नाही.

स्काउट टीमचा राग वेगळा. तिथे मोठ्या कार्डावर प्रतिस्पर्ध्याची चाल काढलेली असते, चेंडू कोणाला द्यायचा तेही दाखवलेलं असतं, आणि तो झाकलेला असला तरी तिथेच फेकायचं. त्याला तो अपमान वाटायचा. मग तो कार्ड सोडून मोकळ्या माणसाकडे फेकायचा, बचाव करणाऱ्यांना उघडं पाडायचा आणि मनातून खूश व्हायचा. यात नुकसान त्याचंच. बचावाच्या प्रशिक्षकाला हवं असतं ते कार्डावरचं चित्र. ते बिघडवणारा मुलगा त्यांच्या लेखी 'ऐकत नाही' असा ठरतो, आणि संघातली मतं अशीच बनतात. म्हणून ठरलं की कार्ड पाळायचं, पण त्यात रोज एकच गोष्ट स्वतःसाठी घ्यायची. एक दिवस नजरेने सेफ्टीला उलट्या बाजूला नेणं, दुसऱ्या दिवशी शेवटचं पाऊल टेकताच चेंडू सोडणं.

चौथ्या भेटीत खरं दुखणं बाहेर आलं, तेही भेट संपता संपता, उठता उठता. मागच्या रविवारी मुख्य क्वार्टरबॅक आपटला आणि लंगडत उठला. "मला एक क्षण आनंद झाला," तो म्हणाला. पुढच्याच मिनिटाला हेल्मेट घालून बाजूला सरावाचे चेंडू फेकायला गेला तर बोटं लाकडासारखी. दोन चेंडू जमिनीत गेले. मुख्य खेळाडू परतला तेव्हा याला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेची लाज आनंदापेक्षाही जास्त वाटली.

ही लाज बहुतेक राखीव खेळाडू मनात लपवून ठेवतात. ज्या जागेला एकच माणूस लागतो तिथली संधी बहुधा दुसऱ्याच्या दुखण्यातूनच येते. ही रचना त्याने केलेली नाही. खेळायला मिळावं ही इच्छा आणि त्याला इजा व्हावी ही इच्छा एकाच क्षणी उगवतात, म्हणून एकच वाटतात. त्या वेगळ्या करायला त्याला एक ठरलेलं काम दिलं. मुख्य खेळाडू पडला की मनात काय येतं ते येऊ द्यायचं, झटकायला जायचं नाही. हेल्मेट उचलायचं, राखीव सेंटरला हाक मारायची, तीन स्नॅप घ्यायचे, पाच चेंडू फेकायचे. मनातला विचार चांगला की वाईट हे ठरेपर्यंत हात गरम झालेला असतो. एरवीही सामन्याच्या चार भागांपैकी प्रत्येकात एकदा हे करायचं. दोन तास थंड बसलेला खांदा ऐनवेळी साथ देत नाही.

त्याच्या डोक्यात विख्यात क्वार्टरबॅक टॉम ब्रॅडीची गोष्ट घट्ट बसली होती : २००० च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) १९९ वा, २००१ मध्ये त्याच्या संघाचा मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जखमी झाला आणि पुढचा इतिहास. ही गोष्ट राखीव क्वार्टरबॅकला खरं तर जड जाते, कारण ती अपघाताची वाट बघायला शिकवते. निक फोल्सची जास्त कामाची. डिसेंबर २०१७ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ जखमी झाल्यावर तो फिलाडेल्फिया ईगल्ससाठी उतरला, आणि ३१ डिसेंबरला डॅलसविरुद्ध ११ पैकी ४ चेंडू पोचवून ३९ यार्ड एवढीच कमाई झाली. पाच आठवड्यांनी सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, त्याने ३७३ यार्ड मिळवले आणि सामनावीर ठरला. तोच माणूस, तोच हात. मधल्या काळात प्रशिक्षकांनी त्याला रुचणाऱ्या चाली पुढे आणल्या. राखीव माणसाला कुठल्या चाली रुचतात हे आधीच कोणाला तरी माहीत असावं लागतं.

राखीव क्वार्टरबॅक चेस डॅनियलचं नाव काढलं तेव्हा मात्र तो चिडला. १४ हंगाम, सुरुवातीपासून खेळलेले सामने फक्त पाच, कमाई चार कोटी डॉलरच्या वर. "म्हणजे मी आशा सोडू?" असा त्याचा प्रश्न. नाही. पण राखीव क्वार्टरबॅक हाही एक पेशा आहे, त्यातही उत्तम आणि सुमार असतात, हे ऐकून ठेवायला हरकत नव्हती. तो विषय तिथेच राहिला.

प्रशिक्षकाशी बोलायचं होतंच. "मी कधी खेळणार?" या प्रश्नाला कोणीही प्रशिक्षक खरं उत्तर देत नाही. त्याऐवजी हा प्रश्न ठरला : "मला उतरवायची वेळ आली तर तुम्हाला कशाची धास्ती वाटेल?" विचारायचं ते थेट मुख्य प्रशिक्षकाला नाही, क्वार्टरबॅकच्या प्रशिक्षकाला, आणि शुक्रवारी सरावानंतर. सोमवार-मंगळवारी ते सगळे पुढच्या सामन्याच्या आखणीत बुडालेले असतात. उत्तर आलं : हाताची काळजी नाही, पण ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर बचावाच्या जादा खेळाडूंची धाव) ओळखून फळी सरकवताना उशीर होतो, आणि हडलमध्ये, म्हणजे चालीआधीच्या घोळक्यात, चाल सांगताना अडखळतो.

दोन्ही गोष्टी घरी करता येण्याजोग्या. पुढची चाल सुरू करायला घड्याळ ४० सेकंदांचं असतं आणि हेल्मेटमधला प्रशिक्षकाचा आवाज १५ सेकंद उरले की बंद होतो. म्हणजे चाल ऐकून, सांगून, फळी लावून, समोरचं वाचायला वेळ किती, याचा हिशेब करा. दर आठवड्याला त्याने प्रशिक्षकाकडून 'तू उतरलास तर पहिल्या बारा' चालींची यादी घ्यायला सुरुवात केली. बायको ओट्याशी उभी राहून कार्ड वाचायची, "गन ट्रिप्स राइट, टू जेट फ्लँकर ड्राइव्ह," आणि तो फ्रिजकडे तोंड करून तेच एका दमात म्हणायचा, मोजणीची खूण देऊन टाळी वाजवायचा. अडखळला की पुन्हा. फळीसाठी रोज वीस चित्रफिती : स्नॅपच्या आधी थांबवायची, सेफ्टीवर बोट ठेवायचं, डावी की उजवी ते मोठ्याने बोलायचं, मग पुढे सोडायची.

डिसेंबरात मुख्य क्वार्टरबॅकला डोक्याच्या तपासणीसाठी सीमारेषेवरच्या निळ्या तंबूत नेलं आणि हा चार चालींसाठी उतरला. दोनदा चेंडू धावणाऱ्याच्या हातात दिला, एकदा सात यार्डांचा फेकला, तिसऱ्या डाउनला एक यार्ड कमी पडला, मग पंट, म्हणजे लाथेने चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. मुख्य खेळाडू परत आला. वर्तमानपत्रात एक ओळही नव्हती.

सोमवारी चित्रफीत बघताना प्रशिक्षकाने दुसरी चाल थांबवली. पडद्यावर तो सेफ्टीकडे बोट करून फळीला उजवीकडे सरकवत होता. प्रशिक्षक "हं" म्हणाला आणि पुढे गेला. मंगळवारी त्याने हे सांगितलं तेव्हा वही मांडीवर होती. पहिल्या रकान्यात ४ लिहिलं होतं. रविवारी रात्री झोप अडीचला लागली, असंही म्हणाला.