जुन्या पिकअपच्या चेंबरमधून तेल गळतंय, पॅकिंग घरी बदलता येईल का?

तुमचा डिझेल पिकअप पंधरा वर्षांचा आहे, उभा केला की खाली तळहाताएवढा काळा डाग पडतो, गॅरेजमध्ये चेंबरचे (इंजिनच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्याचे) बोल्ट दोनदा आवळून दिले तरी गळती वाढतच गेली, असं तुम्ही लिहिलंय. चेंबर आणि इंजिनच्या जोडातलं पॅकिंग घरी बदलता येतं. मी गोव्यात डिचोलीला अंगणातच बदललं. पण कृपा करून तिसऱ्यांदा बोल्ट आवळू नका. बहुतेक त्या आवळण्यामुळेच गळती वाढली असणार.

चेंबर पातळ पत्र्याचं असतं आणि त्याचे बारीक बोल्ट दहा नंबरच्या पान्याने निघतात. त्यांना साधारण 8 ते 10 न्यूटन-मीटर जोर पुरतो, म्हणजे नुसत्या मनगटाचा. दंडाचा जोर लावला की भोकाभोवतीचा पत्रा वरच्या इंजिनच्या ब्लॉककडे ओढला जातो, बशीसारखा होतो आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट राहते. माझं चेंबर खाली आल्यावर त्याच्या काठावर लोखंडी पट्टी ठेवून पाहिली, तर मधल्या फटींतून उजेड दिसत होता. अशा काठावर कितीही महाग पॅकिंग लावा, तेल येणारच.

काही उघडण्याआधी तेल नक्की कुठून येतंय ते शोधा. तेल वरून ओघळून चेंबरच्या काठाला जमतं आणि सगळे चेंबरला दोष देतात. माझ्या मावसभावाच्या गाडीत गळत होतं टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग, आणि ते बदलणं अगदीच सोपं काम. इंजिन गार असताना खालची बाजू रॉकेल आणि ब्रशने स्वच्छ धुवा, पूर्ण सुकू द्या, मग संशय असेल तिथे अंगाला लावायची पावडर भुरभुरा. पंधरा मिनिटं इंजिन चालवून, बंद करून, बॅटरीच्या उजेडात बघा. पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ उमटलेली असते. तिचं वरचं टोक जिथे, तिथे गळती. रेघ इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून येत असेल, तर क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील गेलेलं असू शकतं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते गॅरेजवरच सोपवा. तेल मधाच्या रंगाचं असून त्याला गंधकासारखा उग्र वास येत असेल तर ते गिअर ऑइल, इंजिनचं नव्हे.

ब्रीदरची, म्हणजे इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारी, नळीही काढून बघा. ती चोंदली की इंजिनच्या पोटात दाब साठतो आणि नव्या पॅकिंगमधूनही तेल बाहेर ढकललं जातं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट असते. गाडीतून मासळी वाहिली असेल, तर बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं खाली झिरपून पत्रा गंजतो. किनाऱ्याजवळ खारा वारा तेच करतो. तेल काढल्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तळ टोचून बघा. पापुद्रे सुटत असतील तर चेंबरच नवं घ्या.

आता काम. पावसाळ्यात तांबड्या मातीत जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी ठेवा, चाकांना दगड लावा, गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. कोमट तेल काढून चेंबर उतरवा. काही गाड्यांत मधली आडवी बीम आड येते, मग माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकतं ते आधार) सैल करून इंजिन थोडं उचलावं लागतं. ते सामान नसेल तर इथेच थांबा.

काठावरचं जुनं पॅकिंग पूर्ण खरवडून काढा. भोकं फुगली असतील तर लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने हळूहळू सपाट करा. आत तेल पंपाची जाळी दिसेल, तीही धुवा. ब्लॉकमधून थेंब येतच राहतात, म्हणून मी रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी थिनरच्या फडक्याने दोन्ही काठ पुसले. पॅकिंगऐवजी ट्यूबमधलं सिलिकॉन लावणार असाल तर दमट हवेची काळजी नको, त्यात ते उलट लवकर धरतं. त्याचं वाकडं आहे ते तेलाशी.

सिलिकॉन वापरणार असाल तर तीन मिलिमीटरची अखंड धार, भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त लावलं तर आत लोंबणारे तुकडे सुटून त्याच जाळीत अडकतात आणि इंजिनला तेल मिळत नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण यात इंजिन जाऊ शकतं. बोल्ट आधी बोटांनी, मग मधून कडेला, समोरासमोर, थोडे थोडे आवळा. ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळा. मी पूर्ण दिवस थांबलो, त्यानंतरच तेल भरलं.

काढलेलं तेल ओहोळात किंवा माडाच्या मुळाशी ओतू नका. 2016 च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे आणि आपल्या विहिरी हाताच्या अंतरावर असतात. डब्यात भरून जुनं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरा. मी शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला निघण्याआधी तो ओढून पाहिला, कोरडा होता. तुम्ही कॉर्कचं पॅकिंग लावलं असेल तर थोडे दिवस गाडी चालवून झाल्यावर बोल्ट एकदा मनगटानेच तपासा. सिलिकॉन असेल तर त्यांना हात लावू नका, धरलेला थर सुटतो.