ब्लाऊज ३६चा, मग ब्रा कितीची?

प्रश्न : माझं ब्लाऊजचं माप ३६ आहे, म्हणून ब्राही ३६ नंबरचीच घेते. पाठीवरची पट्टी दिवसभर वर चढत राहते, खांद्यावरचे पट्टे घसरतात. पट्टे आवळले की खांद्याला वळ पडतात. काय चुकतंय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचा नंबरच चुकतो आहे. शिंप्याचा ३६ म्हणजे छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरचा घेर. ब्रावरचा ३६ हा खालच्या पट्टीचा नंबर, आणि कप किती खोल हे पुढचं अक्षर सांगतं. ब्लाऊजचाच आकडा ब्रासाठी सांगितला की बहुतेकींच्या पदरात ढगळ पट्टी आणि लहान कप येतो. ब्राचा बहुतेक भार खालच्या पट्टीने पेलायचा असतो. ती सैल असली की भार पट्ट्यांवर येतो, पट्टे पाठीची बाजू वर ओढतात आणि खांदे काचतात. म्हणून पट्टे आवळून हा त्रास थांबत नाही, उलट पाठ आणखी वर चढते.

घरी माप घ्यायला कापडी टेप आणि आरसा पुरतो. पॅड नसलेली, त्यातल्या त्यात बरी बसणारी ब्रा घाला. पाळीच्या आधी स्तन जड होतात, तेव्हा माप घेऊ नका; पाळी संपल्यावर घ्या. पहिलं माप स्तनांच्या लगेच खाली, श्वास सोडून, टेप अंगासरशी घट्ट. दुसरं स्तनाग्रांवरून, टेप नुसती टेकवून, न दाबता. दोन्ही वेळा टेप पाठीवर खाली घसरत नाही ना, हे आरशात बघा. माप बिघडतं ते बहुतेक इथेच. स्तन ओघळलेले किंवा जड असतील तर उभ्याने वरचं माप कमी भरतं. अशा वेळी कमरेतून वाकून तेच माप पुन्हा घ्या आणि दोन्हींच्या मधला आकडा धरा.

आता हिशेब. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांच्या तक्त्यात खालच्या मापात, सम आकडा असेल तर ४ आणि विषम असेल तर ५ इंच मिळवतात. समजा, खाली ३० आणि वर ३६ इंच भरले. ३० अधिक ४, म्हणजे पट्टी ३४. वरच्या ३६मधून ३४ वजा केले, उरले २. फरक १ असेल तर ए, २ असेल तर बी, ३ला सी, ४ला डी. म्हणजे तुम्ही ३४बीपासून सुरुवात करायची. ‘सुरुवात’ म्हटलं, कारण भरलेल्या छातीला हा हिशेब कप थोडा लहानच देतो. कपाच्या काठावरून मांस फुगून वर येत असेल तर ३४सी घालून बघा.

खरी परीक्षा अंगावर घातल्यावर होते. नवी ब्रा सगळ्यात सैल हुकावर बसली पाहिजे. इलास्टिक धुण्याने आणि घामाने सैल पडतंच, तेव्हा आतले हुक कामी येतात. पहिल्याच दिवशी शेवटच्या हुकावर आलात तर पुढे काही उरत नाही. पुढे वाकून काखेकडचा भाग हाताने कपात आणा, मग सरळ उभ्या राहा. पट्टीखाली दोन बोटं जेमतेम जायला हवीत, मागची पट्टी पुढच्याच रेषेत हवी. वायरची ब्रा असेल तर दोन कपांमधला तुकडा छातीच्या हाडाला टेकला पाहिजे आणि वायरचं टोक काखेकडे स्तनाच्या बाहेर संपलं पाहिजे. तो तुकडा अधांतरी राहत असेल तर बहुधा कप लहान आहे. कपाच्या वरच्या भागाला सुरकुत्या पडत असतील तर आधी पट्टे थोडे घट्ट करा. तरीही पडल्या तर कप मोठा आहे. शेवटी दोन्ही हात वर करा. पट्टी जागची हलली नाही की नंबर जमला.

पट्टी काचते पण कप बरोबर बसतो, असं झालं तर एक नंबर वाढवून अक्षर एक घर मागे घ्या. ३४सी आणि ३६बी यांचे कप जवळजवळ सारखेच मोठे असतात. नुसता नंबर वाढवला तर कपही मोठा होतो, हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही. आणि नजरेने नंबर सांगणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. घालून बघायची सोय नसेल तर बदलून मिळेल का ते आधी विचारा आणि पहिल्यांदा एकच घ्या.

नवा ब्लाऊज शिवायला टाकताना हीच ब्रा घालून माप द्या. जुन्या सैल ब्रावर दिलेल्या मापाचा टक नव्या ब्रावर खाली येतो.

प्रश्न : मुलीला लंडनच्या दुकानात ३०ई सांगितलं, पुण्यात ३४बी. काही ब्रांवर तर ७५बी असतं. खरं काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ब्रिटनमध्ये माप घेणाऱ्या बऱ्याच जणी खालच्या मापात काही मिळवत नाहीत. खाली ३० इंच, तर पट्टी ३०. वर ३६, म्हणजे फरक ६ आणि तिथल्या क्रमाने (डी, डीडी, ई) कप ई. अशी ब्रा अंगाला जास्त घट्ट बसते, कपही वरच्या ३४बीपेक्षा मोठा असतो. मुलीने दोन्ही घालून बघाव्यात आणि खरेदी करताना त्या-त्या कंपनीचाच तक्ता धरावा. ७५ हा सेंटिमीटरमधला आकडा. ७० म्हणजे ३२, ७५ म्हणजे ३४, ८० म्हणजे ३६.

प्रश्न : माझा एक स्तन दुसऱ्यापेक्षा मोठा आहे. कोणत्या बाजूचं माप धरू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मोठ्या बाजूचं. दुसऱ्या कपात काढता-घालता येणारं पातळ पॅड ठेवा. थोडा फरक अगदी सर्रास असतो. मात्र फरक नव्याने दिसू लागला असेल, गाठ लागत असेल किंवा त्वचेला खळी पडली असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

प्रश्न : पावसाळ्यात पट्टीखाली लाल चट्टे येऊन खाज सुटते. वायरमुळे कर्करोग होतो असंही ऐकलंय.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : वायरमुळे कर्करोग होत नाही, ती भीती मनातून काढून टाका. सिएटलच्या कर्करोग संशोधन केंद्रातला २०१४ सालचा अभ्यास नेमका यावरच होता. ब्रा किती तास घातली, वायरची होती का, यांचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही.

चट्टे मात्र खरे आहेत. घाम आणि ओल अडकून घडीत बुरशी वाढते. अर्धवट वाळलेली ब्रा घालू नका, घाम आला की बदला, आंघोळीनंतर स्तनांखालचा भाग टिपून पूर्ण कोरडा करा. सुती कापड घ्या. जाड पॅडची ब्रा दमट हवेत लवकर वाळत नाही. औषधाच्या दुकानातून स्वतःहून मलम आणू नका. अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतं. त्याने दोन दिवस खाज थांबते आणि बुरशी मात्र पसरते. आठवड्याभरात उतार पडला नाही तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.