वाचकांचे प्रश्न : लिनोलियमच्या खाली काय असावे?

प्रश्न : आमच्या घराच्या तळमजल्यावरील दोन खोल्यांत सुमारे चाळीस वर्षांपूर्वीच्या मोझाइकच्या लाद्या आहेत. काही लाद्या खचल्या असून दोन-तीन हलतातही. त्यांवर लिनोलियम घालण्याचा विचार आहे. पायांना मऊ लागावे म्हणून खाली ३ मिलिमीटर जाडीचा फोम अंथरावा, म्हणजे खाचखळगेही झाकले जातील, असे दुकानदार सांगतो. त्याचे ऐकावे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : फोम घालू नये. दुकानदार सांगतो तो फोम लॅमिनेटच्या, म्हणजे एकमेकींत अडकवायच्या कडक फळ्यांखाली घालण्यासाठी असतो. तेथे फळी स्वतः ताठ असल्यामुळे वजन पसरते आणि एकाच ठिकाणी भार येत नाही. लिनोलियम जेमतेम २ ते २.५ मिलिमीटर जाडीचे आणि लवचिक. त्याखाली मऊ थर असला की कपाटाचा पाय टेकतो तेथे ते दबते, खुर्ची सरकवताना ताणले जाते आणि कालांतराने जोड उघडे पडतात. लिनोलियमखाली जमीन कडक, सपाट आणि कोरडी हवी. मऊपणा त्याच्या स्वतःच्या अंगात जेवढा आहे तेवढ्यावरच भागवावे.

खरेदीपूर्वी माल नक्की कशाचा आहे तेही पाहावे. आपल्याकडे लिनोलियम म्हणून विकले जाणारे बरेचसे रोल पीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे असतात. खरे लिनोलियम हवेने घट्ट केलेले जवसाचे तेल, राळ, बुचाची पूड, लाकडाचा भुसा आणि चुनखडीची भुकटी यांच्या मिश्रणाचे असून ते तागाच्या कापडावर दाबून बसवलेले असते. इंग्लंडमधील फ्रेडरिक वॉल्टन याने १८६० च्या दशकात त्याचे पेटंट घेतले. रोल उलटून पाहावा. मागे तागाची वीण दिसली आणि जवसाच्या तेलाचा वास आला, तर माल खरा. सिमेंटमधून वर येणारी ओल अल्कधर्मी असते आणि जवसाच्या तेलावर ती साबण तयार होताना घडते तशीच क्रिया करते, त्यामुळे खरे लिनोलियम खालच्या बाजूने मऊ पडून सुटू लागते. पीव्हीसी स्वतः कुजत नाही, पण त्याखालचा गोंद सुटतो, फुगे येतात आणि कुबट वास खोलीत भरून राहतो. म्हणून दोहोंपैकी काहीही घेतले तरी पहिली चौकशी ओलीची करावी.

त्यासाठी सुमारे दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा कागद लाद्यांच्या सांध्यांवर येईल अशा रीतीने ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद कराव्यात आणि किमान १६ तासांनी उचलून पाहावे. प्लास्टिकच्या आतल्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले किंवा सांधे काळपट पडले, तर खालून ओल येत आहे. एप्रिलमध्ये ही चाचणी करून समाधान मानू नये. कोकणातील तळमजल्याचा खरा स्वभाव ऑगस्टमध्ये कळतो. भिंतीच्या पायथ्याशी लोणा लागलेला असेल, तर चाचणीवाचूनच उत्तर मिळाले असे समजावे. ओल असल्यास लिनोलियमआधी इपॉक्सीचा ओलरोधक थर देता येतो, मात्र तो संपूर्ण जमिनीवर अखंड द्यावा लागतो, आणि दोन खोल्यांसाठी एवढा खटाटोप करावा का, याचा विचार आपणच करावा. २०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचे पाणी ज्या घरांत शिरले त्यांपैकी आपले घर असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे : लाद्या दुरुस्त करून, पॉलिश करून तशाच ठेवाव्यात. पुरानंतर मोझाइक धुता येते. चिकटवलेले लिनोलियम बहुधा उखडून टाकावे लागते.

जागा कोरडी निघाली, तर सगळ्या लाद्या काढण्याची गरज नाही. थापीच्या दांड्याने प्रत्येक लादी ठोकून पाहावी. जिचा आवाज बद्द येईल ती खालून पोकळ आहे. ती आणि हलणाऱ्या लाद्या काढून सिमेंटच्या मालात पुन्हा बसवाव्यात. त्यानंतर २ मीटर लांबीची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी वेगवेगळ्या दिशांनी आडवी ठेवून तिच्याखालची फट मोजावी. ती ३ मिलिमीटरपेक्षा अधिक भरली, तर जमीन सपाट करून घ्यावी. (जमिनीला थोडा उतार असला तरी चालतो; ती उंचसखल असलेली चालत नाही.) सांधेही भरावेत, कारण खिडकीतून तिरपे ऊन आले की पातळ आवरणाखालची प्रत्येक रेघ वर उमटलेली दिसते. या कामासाठी सेल्फ-लेव्हलिंग कंपाउंड या नावाने मिळणारे, पाण्यात कालवून जमिनीवर ओतायचे सिमेंटचे मिश्रण वापरावे. पॉलिश केलेल्या मोझाइकवर ते धरत नाही. म्हणून आधी मशीनने चकाकी घासून काढावी, मेणाचा आणि तेलाचा अंश धुऊन टाकावा आणि कंपाउंडच्या उत्पादकाने सांगितलेला प्रायमर लावावा. गवंडी कदाचित भिंतीची पुट्टी ओढून देण्याची तयारी दाखवील. ती नाकारावी. ही पुट्टी पायाखाली भुगा होते आणि गोंद तिच्यासकट सुटून येतो.

प्रश्न : आमचे घर १९५० च्या दशकातील आहे. स्वयंपाकघरात प्लायवर ९ इंची जुन्या टाइल्स चिकटवलेल्या आहेत. मला खरे लिनोलियम बसवायचे आहे. कंत्राटदार टाइल्स खरवडून त्या जागी पाव इंची नवा प्लाय मारू म्हणतो. प्लाय कोणता घ्यावा आणि कामावर लक्ष कसे ठेवावे?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : कंत्राटदाराला आधी थांबवावे. त्या काळातील ९ इंची टाइल्समध्ये आणि त्यांखालच्या काळ्या डांबरी गोंदात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी असते. टाइल जागेवर अखंड असेपर्यंत धोका कमी असतो; ती खरवडली, घासली किंवा फोडली की सूक्ष्म तंतू हवेत जातात आणि श्वासावाटे फुफ्फुसात शिरतात. नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा आणि निकाल हाती येईपर्यंत त्या जमिनीवर खिळाही मारू नये. ॲस्बेस्टॉस निघाल्यास टाइल्स काढायच्या की झाकायच्या, याचा निर्णय परवानाधारक तज्ज्ञाकडूनच घ्यावा.

ती अडचण नसेल, तर पाव इंची प्लाय योग्य आहे. मात्र तो अशा आवरणांखालीच वापरण्यासाठी बनवलेला, वरची बाजू पूर्ण घासलेला आणि आतल्या थरांत पोकळी नसलेला असावा. आत पोकळी राहिली, तर खुर्चीच्या किंवा टाचेच्या दाबाने वरचा थर तेथेच बसतो आणि लिनोलियमला खड्डा पडतो. पार्टिकल बोर्ड आणि ओएसबी (लाकडाच्या चपट्या ढलप्या दाबून चिकटवलेले तक्ते) घेऊ नयेत. पाणी लागले की त्यांच्या कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत, आणि स्वयंपाकघरात पाणी आज ना उद्या सांडतेच. लादीखाली वापरतात तो सिमेंट बोर्डही या कामाचा नव्हे.

मूळ जमीन चालताना करकरत असेल, तर ती आधी स्क्रूने घट्ट करावी. नव्या प्लायखाली गेलेला आवाज पुढे शोधता येत नाही. नवे तक्ते बसवण्यापूर्वी ते त्याच खोलीत दोन-तीन दिवस ठेवावेत, म्हणजे तेथील हवेशी जुळतात. त्यांचे जोड खालच्या प्लायच्या जोडांवर येऊ देऊ नयेत आणि चार तक्त्यांचे कोपरे एका ठिकाणी मिळू देऊ नयेत. दोन तक्त्यांत पत्त्याच्या जाडीइतकी फट ठेवावी. खिळे वळ्या असलेले घ्यावेत, कारण साधा खिळा लाकूड सुकले की वर डोके काढतो. कडेने साधारण २ इंचांवर आणि मधल्या भागात ४ इंचांवर खिळा पडला आहे की नाही, हे आपण स्वतः मोजून पाहावे. काम एका बाजूने सुरू करून पुढे सरकत जावे, म्हणजे तक्त्याच्या मध्यभागी फुगवटा कोंडला जात नाही. डोकी किंचित खाली बसवून त्यांवर आणि जोडांवर सिमेंटयुक्त पॅच भरावा व तो वाळल्यावर घासावा. प्लायवर खुणा करण्यासाठी पेन्सिलच द्यावी. मार्करची शाई आवरणातून वर झिरपू शकते. पीव्हीसीच्या बाबतीत हा अनुभव सर्रास येतो.

प्लाय आणि लिनोलियम मिळून जमीन सुमारे ९ मिलिमीटर उंच होईल. डिशवॉशर जागेवर ठेवून त्याच्यापुढे काम केले, तर तो ओट्याखाली अडकतो आणि पुढे दुरुस्तीसाठीही बाहेर निघत नाही. तो आधी काढून, त्याखालूनही प्लाय न्यावा आणि तो पुन्हा आत जाण्यापुरती उंची उरते का, हे काम सुरू होण्यापूर्वीच मोजावे.

प्रश्न : जुन्या वाड्याच्या माडीवर सागवानी फळ्यांची जमीन आहे. तिच्यावर लिनोलियम थेट चिकटवता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. फळ्या पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात, त्यामुळे वर्षभरात प्रत्येक फळीची कड वर दिसू लागेल आणि काही ठिकाणी आवरण चिरेल. वाळवी नाही याची खात्री करून घेऊन, सैल फळ्या पक्क्या करून त्यांवर १२ मिलिमीटरचा, आय. एस. ७१० छापाचा मरीन प्लाय स्क्रूने बसवावा; पाव इंची प्लाय वाकलेल्या फळ्यांवर त्यांच्यासारखाच वाकतो. काही वाड्यांत फळ्यांवर मातीचा थर आणि त्यावर नंतर घातलेला कोबा असतो. तेथे स्क्रूला धरायला काहीच नसते, आणि आधीच्या भारात कंपाउंडची भर घालणे धोक्याचे असते. आपल्याकडे तसा थर असल्यास प्लाय आणण्याआधी अभियंत्याकडून तुळया तपासून घ्याव्यात.