बेल्जियन असून केळं-लवंग नाही?

प्रश्न: नोकरीसाठी अँटवर्पला आलोय. इथली डी कोनिंक बिअर प्यायलो, आवडली, पण फारशी ‘बेल्जियन’ नाही वाटली, केळं-लवंग असलं काही लागलंच नाही. बिअरच बिघडलेली होती का?

उत्तर: अजिबात नाही हो! ही ‘स्पेशाल बेल्ज’ प्रकारातली अंबर एल, म्हणजे जरा उबेत आंबवलेली तांबूस बिअर, तिच्यात केळं-लवंगेचा वास देणारा यीस्टचा दणका नसतोच, तो ट्रिपेलमध्ये, म्हणजे फिकट रंगाच्या कडक बेल्जियन एलमध्ये शोधा. १९०४च्या सुमारास बाहेरून येणाऱ्या ब्रिटिश एल आणि फिकट सोनेरी पिल्सनर बिअरला टक्कर द्यायला बेल्जियन लोकांनी हा प्रकार घडवला, म्हणून ती साधी, सहज पिता येणारी, ५.२ टक्के अल्कोहोलचीच. बोलेकेमध्ये, म्हणजे तिच्या त्या गोलसर, देठ असलेल्या ग्लासात ओतली की रंग बघा, तांबूस आणि स्वच्छ हवा, आणि लगेच नाक लावा कारण वास पटकन उडतो. बिस्किटासारखा माल्ट (मोड आणून भाजलेलं सातू), मागून किंचित कॅरमेल. फ्रीजमधून काढून तशीच प्यायलात तर यातलं काही म्हणजे काही कळत नाही, जरा थांबा. शेवट कोरडा, हलका कडू हवा, गोडी जिभेला चिकटून राहिली तर मी मार्क कापतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र ती जुनी झालीय, खुशाल परत द्या.